मुलाचा प्रश्न आणि शोधाची चौकट

मुलाचा प्रश्न पूर्वी नेहमी कोणाच्या तरी चेहऱ्याकडे पाहून विचारला जाई. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, मुंग्या एका रांगेत का जातात, मेलेले माणूस परत का येत नाही, असे काहीही डोक्यात आले की मूल घरातल्या जवळच्या माणसाला गाठी. आजोबा वर्तमानपत्र खाली ठेवत. आई पोळी लाटता लाटता उत्तर देई. शाळेतले गुरुजी कधी रागावत, कधी उद्या सांगतो म्हणत. उत्तर दर वेळी बरोबर असेच असे नाही. पुष्कळदा ते अर्धवट असे, कधी केवळ मनाने रचलेले असे. तरीही एक गोष्ट त्या व्यवहारात हमखास असे : विचारणारा कोण आहे, किती वर्षांचा आहे आणि त्याला नेमके काय कळून घ्यायचे आहे, याची जाणीव उत्तर देणाऱ्याला असे. म्हणूनच मृत्यूविषयीच्या एकाच प्रश्नाला पाच वर्षांच्या नातवाला एक उत्तर मिळे आणि पंधरा वर्षांच्या नातीला दुसरे.

आता त्या चेहऱ्याची जागा पुष्कळ घरांत एका पांढऱ्या चौकटीने घेतली आहे. शोधयंत्राची ही चौकट दिसायला अत्यंत साधी असते. तीत शब्द लिहावेत आणि उत्तर घ्यावे, इतके सोपे काम मुलाला जमणारच, असे मोठी माणसे गृहीत धरतात. मुलाची बोटे मोबाईलवर सराईतपणे फिरताना पाहून तर हा समज अधिकच पक्का होतो. पण बोटे सराईत असणे आणि शोध घेता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या चौकटीपुढे बसलेल्या मुलाला प्रत्यक्षात एकामागून एक पाच कामे करावी लागतात. मनातल्या कुतूहलाला शब्द द्यायचे, ते शब्द शुद्ध लिहायचे, कळफलकावर अक्षरे हुडकायची, समोर आलेल्या दुव्यांच्या यादीतून एक निवडायचा आणि निवडलेल्या पानावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायचे. यांपैकी एकही काम लहान मुलासाठी किरकोळ नाही.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात ॲलिसन ड्रुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 च्या सुमारास या कामांचा बारकाईने अभ्यास केला. सात, नऊ आणि अकरा वर्षांची मुले आपापल्या घरी संगणकावर माहिती कशी शोधतात, हे त्यांनी शेजारी बसून पाहिले. मुलांना दिलेल्या प्रश्नांत एक प्रश्न असा होता की, देशाच्या उपाध्यक्षांचा वाढदिवस पुढच्या वर्षी कोणत्या वारी येईल? मोठ्या माणसाला या प्रश्नाच्या तीन पायऱ्या लगेच दिसतात : आधी उपाध्यक्ष कोण ते पाहायचे, मग त्यांची जन्मतारीख आणि शेवटी पुढच्या वर्षीचे कॅलेंडर. मुलांना मात्र तो एकसंध प्रश्न वाटतो. ती तो प्रश्न जसाच्या तसा चौकटीत लिहितात आणि एकाच ठिकाणी त्याचे उत्तर मिळेल अशी वाट पाहतात. आणखी एक निरीक्षण तर कोणत्याही घरात पडताळून पाहता येईल असे आहे. शब्द चुकला की शोधयंत्र पडद्यावर दुरुस्ती सुचवते. पण एकेक अक्षर हुडकत लिहिणाऱ्या मुलाचे डोळे कळफलकावर खिळलेले असतात. मदतीचा हात पुढे आलेला असतो, तो त्याला दिसतच नाही.

अशा वेळी मूल काय समजते, हे महत्त्वाचे आहे. यंत्र आपल्यासाठी बनलेले नाही, असे ते समजत नाही. आपल्याला नीट विचारता येत नाही, आपण चुकलो, असेच ते समजते. दोन-तीन वेळा असे झाले की ते चौकट बंद करते आणि खेळाच्या किंवा चित्रफितींच्या ॲपकडे वळते. मोठ्यांना वाटते, मुलाला अभ्यासाची गोडी नाही.

दक्षिण महाराष्ट्रातील एका घरात पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी घडलेला प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. घरातली नऊ वर्षांची मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकणारी. परसातल्या भिंतीवर तिला तीन गोगलगायी दिसल्या. पावसाळ्यात पायाखाली पाहून चालायचे, हे त्या घरातले पिढ्यान्‌पिढ्यांचे वळण. त्यामुळे मुलीला त्या आधीही भेटलेल्या होत्या. या वेळी मात्र तिच्या मनात आले की, पाऊस नसतो तेव्हा या जातात कुठे? आजी देवघरात होती. मुलीने आईचा मोबाईल घेतला आणि रोमन अक्षरांत गोगलगाय हा शब्द लिहिला. तो रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिता येतो. दोनदा काहीच्या बाही आले. तिसऱ्यांदा यंत्राने शब्द ओळखला आणि समोर मराठी मजकुराची रांग लागली. शंखी गोगलगायीचा प्रादुर्भाव, गोगलगायीचे नियंत्रण, गोगलगायींचा नायनाट कसा करावा, मेटाल्डिहाईडच्या गोळ्या बांधावर कशा टाकाव्यात, गोळा केलेल्या गोगलगायी मिठाच्या द्रावणात कशा बुडवाव्यात. मुलगी बराच वेळ वाचत राहिली. आजी बाहेर आली तेव्हा तिने विचारले, "आजी, गोगलगायीनं काय केलंय? सगळे तिला मारायलाच का निघालेत?"

यात चूक कोणाचीच नव्हती. 2022 च्या खरिपात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती आणि शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली होती. ज्याचे पीक डोळ्यांदेखत जाते आहे, त्याला गोगलगायीच्या दिनक्रमाची नव्हे, बंदोबस्ताची माहिती हवी असते. ती ज्यांनी लिहिली त्यांनी आपले काम केले, आणि जो मजकूर लोकांनी अधिक शोधला तो वर ठेवून यंत्रानेही आपले काम केले. यंत्रापुढे फक्त एक शब्द होता. तो शेतकऱ्याने लिहिला की नऊ वर्षांच्या मुलीने, हे त्याला दिसत नव्हते.

आजी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिने नातीला जवळ बसवले आणि गोगलगायीच्या अंगाला सतत ओलावा का लागतो ते सांगितले. कडक उन्हाळ्यात ती शंखात शिरते, शंखाचे तोंड चिकट स्रावाच्या पडद्याने बंद करून घेते आणि पाऊस पडेपर्यंत महिनोन्‌महिने निपचित पडून राहते. मग आजीने चौकटीत एक शब्द लिहिला : ग्रीष्मनिष्क्रियता. आता पडद्यावर वेगळीच माहिती आली. नात म्हणाली, "पण हा शब्द मला कुठून येणार होता?"

मुलांच्या शोधातली मुख्य अडचण या एका वाक्यात आली आहे. ज्याचे उत्तर शोधायचे, त्याचे नाव आधी ठाऊक असावे, अशी या चौकटीची अपेक्षा असते. मोठ्या माणसाकडे शब्दांचा साठा असतो. एक शब्द चालला नाही तर तो दुसरा वापरून पाहतो. मुलाकडे बहुधा एकच शब्द असतो, तोही घरातल्या बोलीतला. ज्ञान शब्दांच्या कुलपात ठेवलेले आणि किल्ली आतच राहिलेली, अशी त्याची अवस्था होते.

ही अडचण काही लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. याहू या कंपनीने 1996 मध्ये मुलांसाठी 'याहूलिगन्स' ही स्वतंत्र सूची सुरू केली. माणसांनी पाहून निवडलेली संकेतस्थळे तीत विषयवार मांडलेली असत. प्राणी, अवकाश, खेळ अशा दालनांतून मूल काही न लिहिताही पुढे जाऊ शकत असे. पुढे तिचे नाव बदलले आणि 2013 मध्ये ती बंदही झाली. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे 1997 मध्ये मुलांसाठी जे शोधयंत्र निघाले, त्याचे नाव 'ब्लिंडे कू', म्हणजे शब्दशः आंधळी गाय. डोळे बांधून खेळायच्या ज्या खेळाला मराठी मुले आंधळी कोशिंबीर म्हणतात, त्याचे हे जर्मन नाव. डोळ्यांवर पट्टी बांधलेले मूल हात पसरून चाचपडत आहे, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून कोणी शोधयंत्राचे नाव ठेवावे, यात मुलांविषयीची केवढी तरी समज दिसते. त्याच देशात 2007 मध्ये 'फ्रागफिन' हे दुसरे बालशोधयंत्र आले. जाणकारांनी तपासून यादीत घेतलेल्या संकेतस्थळांतच ते शोध घेते.

अशा व्यवस्थेचे मोल मोठे, तशी तिची किंमतही मोठी असते. प्रत्येक पान कोणीतरी माणसाने वाचावे लागते, जुने झालेले काढावे लागते, नवे घ्यावे लागते. जाहिरातींतून पैसा मिळवणाऱ्या उद्योगाला हे काम परवडत नाही. समाजाने किंवा शासनाने ते अंगावर घेतले तरच ते टिकते. म्हणून बहुतेक ठिकाणी सोपा मार्ग पत्करला गेला : मोठ्यांचेच यंत्र ठेवायचे आणि त्यावर गाळणी बसवायची. अश्लील, हिंसक मजकूर अडवणारी ही गाळणी आवश्यकच आहे. पण कुंपण घातल्याने बाग तयार होत नाही. गाळणीतून गेलेला उरलेला सगळा मजकूर मोठ्यांसाठी, मोठ्यांच्या भाषेत लिहिलेलाच राहतो. गोगलगायीच्या नायनाटाचे उपाय कोणत्याही गाळणीत अडकत नाहीत.

मुलांसाठी शोधाची रचना करायची तर ती मुलांनाच विचारून करावी, हा विचार मेरीलँड विद्यापीठात रुजला. तेथील संशोधकांनी सात ते अकरा वर्षांच्या मुलांना प्रयोगासाठी नव्हे, तर सहकारी म्हणून बोलावले. शाळा सुटल्यावर ही मुले प्रयोगशाळेत येत, कागद, डिंक, रंग घेऊन आपल्या कल्पनेतल्या यंत्राचे नमुने बनवत. त्या सहवासातून नोव्हेंबर 2002 मध्ये 'इंटरनॅशनल चिल्ड्रन्स डिजिटल लायब्ररी' हे जगभरच्या बालपुस्तकांचे ग्रंथालय महाजालावर खुले झाले. ग्रंथपालांच्या परंपरेप्रमाणे पुस्तक लेखकाच्या, शीर्षकाच्या किंवा विषयाच्या नावाने शोधायचे. मुलांनी सांगितले की, त्यांना पुस्तक आठवते ते मुखपृष्ठाच्या रंगावरून. मग त्या ग्रंथालयात लाल, निळ्या, पिवळ्या मुखपृष्ठांची पुस्तके शोधण्याची सोय झाली. गोष्टीत प्राणी आहेत की मुले, ती खरी आहे की कल्पनेतली, पुस्तक लहान आहे की मोठे, यांवरूनही शोध घेता येऊ लागला. चित्रांची मोठी बटणे ठेवली गेली, कारण छोट्या खुणेवर माऊसचा बाण नेमका नेऊन थांबवणे बालकांच्या हातांना जड जाते. पुस्तकाच्या रंगाला वर्गीकरणात स्थान देण्याची कल्पना एखाद्या विद्वानाला सुचली असती, तर त्याने ती बालिश म्हणून सोडून दिली असती. बालकांसाठी ती अगदी योग्य होती.

युरोपीय संघाच्या मदतीने 2009 ते 2012 या काळात चाललेल्या एका प्रकल्पात ॲमस्टरडॅम येथील बालरुग्णालयातील मुलांचा विचार झाला. आजारी मुलाला आपल्याला काय झाले आहे, हे जाणून घ्यायचे असते. पण आजाराचे नाव त्याला लिहिता येत नाही आणि लिहिले तर समोर येणारा मजकूर त्याला घाबरवून सोडतो. तेथे मुलांपुढे शरीराचे चित्र ठेवण्यात आले. जेथे दुखते त्या भागाला स्पर्श करायचा आणि तेथून माहितीकडे जायचे. शब्द नसलेल्या प्रश्नालाही वाट असू शकते, हे यातून दिसले.

माहिती सापडली तरी शेवटचे काम उरतेच : तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही. अमेरिकेच्या वायव्य भागातील जंगलांत झाडांवर राहणाऱ्या दुर्मीळ ऑक्टोपसविषयीचे एक संकेतस्थळ 1998 मध्ये कोणी गमतीने तयार केले. त्यावर छायाचित्रे आहेत, अधिवासाचे वर्णन आहे, या प्राण्याला वाचवण्याचे आवाहनही आहे. प्राणी मात्र अस्तित्वातच नाही. कनेक्टिकट विद्यापीठातील डोनाल्ड ल्यू यांच्या गटाने सातवीच्या 25 हुशार विद्यार्थ्यांना हे स्थळ दाखवले, तेव्हा बहुतेक सर्वांना ते खरे वाटले. ते बनावट आहे असे सांगितल्यावरही काही जण ऑक्टोपसची बाजू सोडायला तयार नव्हते. ज्या प्राण्याला वाचवायला हवे, त्याच्याविषयी मुलांच्या मनात दया उत्पन्न झाली होती. मुलांचा हा भोळेपणा दोष म्हणून पाहण्याजोगा नाही. मात्र त्याच्या भरवशावर कोणीही काहीही मांडू शकतो, हे मोठ्यांनी विसरू नये. आता तर चॅटबॉट दुव्यांची यादी न देता थेट एकच सफाईदार उत्तर देतात. शुद्धलेखनाची, निवडीची अडचण त्यामुळे बरीच कमी होते. पण कोणी सांगितले, कशावरून सांगितले, हे विचारण्याची जागाही त्याबरोबर नाहीशी होऊ लागते.

मराठी मुलापुढे या सगळ्याच्या जोडीला भाषेची पायरी उभी आहे. घरी तो मराठीत विचार करतो, शाळेत इंग्रजीत लिहितो आणि शोधताना रोमन लिपीतल्या मराठीत अडकतो. देवनागरी कळफलकावर जोडाक्षर कसे उमटवायचे, वेलांटी पहिली की दुसरी, या विचारात प्रश्नाचे बोट सुटून जाते. ऑगस्ट 2017 मध्ये गूगलने मराठीत बोलून शोधण्याची सोय दिली, हा मोठा दिलासा ठरला. लिहिता न येणारे मूलही आता विचारू शकते; आजीलाही विचारता येते. पण विचारणे सोपे झाले तरी समोर येणारा मजकूर मुलाला वाचता आला पाहिजे. तसा मजकूर मराठीत अजिबात नाही असे नाही. बालभारतीचे 'किशोर' हे मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 2015 मध्ये सुरू झालेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीप्रमाणे निवडता येतात. विश्वकोशाचे खंड आहेत, मुलांसाठी कुमार विश्वकोशही आहे. खजिना आहे, त्याच्याकडे जाणारी, मुलाच्या उंचीची वाट मात्र अजून कोणी बांधलेली नाही. शोधाची मोठी यंत्रे त्याला तेथवर सहसा पोहोचवत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, विचारणारा लहान आहे हे यंत्राने स्वतःच ओळखावे आणि तसे उत्तर द्यावे. हा उपाय वरवर सोयीचा वाटतो. पण ओळखायचे म्हणजे मुलावर नजर ठेवायची. ते काय पाहते, कशावर थांबते, कशाला घाबरते याची नोंद करायची. 2023 साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे; त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे; त्याच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवायलाही मनाई केली आहे. यामागचा विवेक योग्य आहे. मुलाला ओळखण्यासाठी त्याचा माग काढण्यापेक्षा, त्याला आपणहून उघडता येईल असे एक वेगळे दार ठेवणे केव्हाही चांगले. वाचनालयात बालविभाग असतो; तेथे शिरणाऱ्याला कोणी वय विचारत नाही, पण कपाटे बुटकी असतात.

असे दार मराठीत उघडणे ही अशक्य गोष्ट नाही. शिक्षक, ग्रंथपाल, निवृत्त प्राध्यापक, संगणक जाणणारे तरुण अशी माणसे गावोगावी आहेत. निवडक, तपासलेल्या मराठी पानांची मुलांसाठी विषयवार सूची करणे हे एखाद्या वाचनालयाच्या किंवा शाळेच्या आवाक्यातले काम आहे. तिचा आराखडा करताना मात्र दहा-बारा मुलांना शेजारी बसवून घ्यावे आणि त्यांचे ऐकावे.

ते होईपर्यंत घरातल्या मोठ्यांना पुष्कळ काही करता येईल. मुलाच्या हातून मोबाईल काढून घेऊन स्वतः उत्तर शोधून देणे हा मात्र त्यातला मार्ग नव्हे. शेजारी बसावे. तुला काय हवे आहे ते आधी तोंडाने सांग, असे म्हणावे. मोठा प्रश्न असेल तर तो दोन-तीन लहान प्रश्नांत मांडायला मदत करावी. शब्द अडला तर दुसरा शब्द सुचवावा, आणि तो नवा शब्द मुलाला एखाद्या वहीत लिहून ठेवू द्यावा. पहिलाच दुवा उघडण्याआधी चार दुवे वाचायला सांगावेत. हे कोणी लिहिले, त्याला हे कसे ठाऊक, दुसरीकडेही असेच लिहिले आहे का, हे तीन प्रश्न प्रत्येक पानाला विचारण्याची सवय लावावी. आणि जे पडताळता येण्याजोगे असेल ते परसात, स्वयंपाकघरात, गच्चीवर जाऊन प्रत्यक्ष पाहावे. उत्तर येत नसेल तर मोकळेपणाने तसे सांगावे. मोठ्यांनाही शोधावे लागते, हे मुलाने पाहणे चांगलेच.

यासाठी संध्याकाळची पंधरा मिनिटे पुरतात. मुलाचे प्रश्न सात-आठ वर्षांच्या वयात फार असतात आणि ते कायम टिकत नाहीत. ज्यांना एकदाही वाट सापडली नाही, ते प्रश्न हळूहळू विचारले जाणेच थांबतात, आणि ते कधी थांबले, हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.